पर्स हर्मायनीची, पाणी लातूरचं

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि त्याच दिवशी जगभरच्या बातम्यांमध्ये एक पर्स फिरायला लागली. हॅरी पॉटरमधल्या हर्मायनीची ती छोटी पर्स, बाहेरून मुठीएवढी आणि आत अख्खा तंबू मावेल अशी. ज्या पदार्थांसाठी पारितोषिक दिलं गेलं त्यांची या पर्सशी तुलना नोबेल समितीच्याच एका सदस्याने केली होती. मग काय, इंग्रजी वर्तमानपत्रांपासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे तीच पर्स.

तुम्हीही ती बातमी वाचली असेल. कदाचित कोणाला पाठवलीही असेल. पर्सखालच्या ओळी साधारण अशा होत्या: या जादुई पदार्थांमुळे वाळवंटातल्या हवेतून पाणी काढता येईल, कार्बन डायऑक्साइड पकडता येईल, विषारी वायू साठवता येतील. वाचून आपण ‘वा!’ म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

माझी तक्रार या ‘वा!’बद्दल आहे. मी इथे इंग्लंडमध्ये सच्छिद्र पदार्थांवर काम करणारी पोस्टडॉक आहे, म्हणजे या नोबेलमुळे माझ्यासारख्यांचं भलंच होणार. त्यामुळे हे टोमणे बाहेरून मारलेले नाहीत, घरातलेच आहेत असं समजा. पर्सची उपमा खोटी नाही. पण ती आपल्याला नको तिथे थक्क करते, आणि जिथे प्रश्न विचारायला हवा तिथे गप्प बसवते. याची किंमत कोण मोजतं, ते लेखाच्या शेवटापर्यंत दिसेल अशी आशा आहे.

आधी वस्तू काय आहे ते

या पदार्थांचं नाव मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क. संक्षेपात मॉफ. इमारतीला रंग देताना बाहेरून बांबूंची परांची बांधतात ती आठवा. बांबू आणि बांबू जिथे मिळतात तिथे दोरखंडाची गाठ. मॉफमध्ये गाठीच्या जागी धातूचे आयन असतात, जस्त, तांबं, कोबाल्ट असे. बांबूच्या जागी असतात कार्बनी रेणू, ताठ आणि ठरावीक लांबीचे. गाठी आणि बांबू नीट निवडले तर परांची आपली आपण बांधली जाते, तीही स्फटिकाइतकी शिस्तबद्ध. बांबूंच्या मधे ज्या मोकळ्या खोल्या उरतात, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

पारितोषिक तिघांना मिळालं: मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन, क्योतोचे सुसुमु कितागावा आणि बर्कलीचे ओमार याघी. यातली रॉबसन यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९७४ मध्ये त्यांना विद्यार्थ्यांसाठी रेणूंची लाकडी मॉडेल्स करून घ्यायची होती. चेंडू म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. चेंडूंना भोकं कुठे पाडायची हे सुताराला आखून द्यावं लागलं. मॉडेल्स तयार झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळी माहिती त्या भोकांच्या जागेतच आहे. भोकं बरोबर असली की मॉडेल आपोआप बरोबर आकाराचं होतं. मग खऱ्या अणूंच्या बाबतीतही हेच करता येईल का? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात दहा वर्षांहून जास्त काळ राहिला. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक कार्बनी रेणू वापरून हिऱ्यासारख्या रचनेचा, पण आतून भरपूर मोकळा असा स्फटिक छापून दाखवला.

तो स्फटिक नाजूक होता, सहज कोसळायचा. १९९७ मध्ये कितागावा यांच्या गटाने असे पदार्थ केले ज्यांच्या पोकळ्यांमध्ये मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत-बाहेर करू शकत होते आणि तरी ढाचा टिकून राहत होता. ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ हे नाव याघी यांनी १९९५ मध्ये दिलं. १९९९ मध्ये त्यांनी मॉफ-५ आणला, जो रिकामा असतानाही तापवला तरी मोडत नव्हता.

गंमत बघा. नोबेलच्या संकेतस्थळावर सामान्य वाचकांसाठी जी माहितीपुस्तिका आहे, तिच्यात लाकडी चेंडूंची गोष्ट छान सांगितली आहे. माझ्या मते या अख्ख्या विषयाचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण तेच. कारण ते वाचून तुम्हाला कारण कळतं: भोकांच्या जागा रचना ठरवतात. शाळेतल्या मुलालाही ते कळेल आणि तो पुढचा प्रश्न विचारेल, ‘मग भोकं वेगळीकडे पाडली तर?’ हाच तर पुढच्या पस्तीस वर्षांच्या संशोधनाचा प्रश्न. पण चेंडू मागे राहिले आणि पर्स पुढे गेली. चेंडूंची गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात, पर्सला दोन सेकंद.

पर्स नेमकं काय लपवते

हर्मायनीच्या पर्सचं वैशिष्ट्य म्हणजे तिच्या आतली जागा बाहेरच्यापेक्षा मोठी आहे. मॉफमध्ये असं काही नसतं. एक घन सेंटिमीटर मॉफच्या आत एक घन सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा असूच शकत नाही. मोठा असतो तो पृष्ठभाग. आणि हा फरक म्हणजे शास्त्रज्ञांचा किस काढणं नव्हे. सगळं काम त्या फरकावरच चालतं.

एक शंभर पानांची, म्हणजे शंभर कागदांची ए-फोर वही घ्या. बंद वहीचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ०.१३ चौरस मीटर. आता प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू मोजा: साधारण साडेबारा चौरस मीटर. जवळपास नव्वदपट. वही फुगली का? नाही. तेवढ्याच जागेत लिहायला जास्त पानं आहेत, इतकंच. मॉफ-५ साठी १९९९ मध्ये नोंदवलेला आकडा होता ग्रॅममागे सुमारे २,९०० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. म्हणजे एका ग्रॅममध्ये बावीस मैदानं. थक्क व्हायला हे पुरेसं आहे, त्यासाठी जादूची गरज नाही.

आता प्रश्न असा की पृष्ठभाग मोठा असून होतं काय? वायूचे रेणू पोकळीच्या भिंतींना चिकटून बसतात. मुंबईच्या लोकलमध्ये चढलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज पडू नये. गर्दीच्या वेळी डबा किती मोठा आहे यापेक्षा धरायला कड्या किती आहेत हे महत्त्वाचं. मॉफ म्हणजे कड्याच कड्या असलेला डबा. त्याही खास प्रकारच्या: या कडीला पाण्याचाच हात पुरतो, त्या कडीला कार्बन डायऑक्साइडचा.

आणि लोकलची उपमा पर्सपेक्षा एका बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. स्टेशन आलं की लोकांना उतरवावं लागतं. मॉफने पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड पकडला, पुढे? तो सोडवायचा तर तापवा, दाब कमी करा, काहीतरी ऊर्जा घाला. कडी जितकी घट्ट धरणारी, तितकं उतरवणं महाग. कडी सैल असेल तर उतरवणं स्वस्त, पण मग गर्दी चढतच नाही. ही ओढाताण म्हणजेच माझ्यासारख्यांची रोजची नोकरी. पर्समध्ये ही ओढाताण नाही. हर्मायनी हात घालते आणि हवं ते बाहेर येतं.

लोकलची उपमाही कुठेतरी तुटते, हे सांगून टाकते. रेणूंना कुठे उतरायचं हे ठाऊक नसतं, ते सतत चढत-उतरत असतात, आणि आपण मोजतो तो त्या चढ-उताराचा हिशोब. उपमा तुटते याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, सगळ्याच तुटतात. चांगलं स्पष्टीकरण ती कुठे तुटते ते सांगतं आणि वाचकाला तिथपर्यंत घेऊन जातं. वाईट स्पष्टीकरण टाळी मिळाली की थांबतं.

हा काही २०२५ चाच दोष नाही. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल क्रिस्परला मिळालं तेव्हा ‘जनुकीय कात्री’ सगळीकडे झाली. कात्री ऐकली की वाटतं कापणं हीच करामत. पण नेमक्या जागी कात्री नेऊन ठेवणं ही खरी करामत, आणि कापल्यानंतर डीएनए जोडते ती पेशी, आपल्या पद्धतीने. ती जोडणी आपल्याला हवी तशी व्हावी यासाठीच पुढची सगळी धडपड चालते. कात्री म्हटलं की ही धडपड दिसेनाशी होते.

सगळ्यात मोठी पर्स कामाची नसते

पर्सने आपल्याला शिकवलेली दुसरी चूक म्हणजे आतून जितकं मोठं तितकं भारी. बातम्यांतही फुटबॉलच्या मैदानांचीच मोजणी.

याला चोख उत्तर म्हणजे काल्फ-२० नावाचा मॉफ. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने तो केला, २०२१ मध्ये त्यावरचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. जस्त, ऑक्झालेट आणि ट्रायाझोलेट, तिन्ही स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टी. पृष्ठभागाच्या शर्यतीत हा मॉफ मॉफ-५ च्या आसपासही नाही. पण कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड तो पकडतो, धुरात पाण्याची वाफ असली तरी बिथरत नाही, आणि गरम वाफेने पुन्हापुन्हा मोकळा केला तरी टिकतो. आज बीएएसएफसारखी कंपनी तो टनांनी बनवते, आणि सिमेंट कारखान्याच्या धुरावर त्याची चाचणी झालेली आहे.

हिची बातमी तुम्ही वाचली होती का? बहुधा नाही. कारण हिला सांगण्यासारखी जादू नाही. ‘ओलाव्याने न बिघडणारा, स्वस्त, मध्यम आकाराचा पदार्थ’ असा मथळा कोण देईल? पण चाळीत राहिलेल्या माणसाला विचारा, नळ किती मोठा यापेक्षा तो रोज वेळेवर येतो का हे महत्त्वाचं असतं. मॉफला कामाचं ठरवतात ते टिकाऊपणा, किंमत आणि पुन्हापुन्हा वापरता येणं हे तीन कंटाळवाणे गुण. आणि विज्ञानाच्या बातमीतून सर्वांत आधी गळतात तेही हेच तीन.

हवेतल्या पाण्याचे तीन आकडे

आता ज्या दाव्याने आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्या ग्रुपवर मुक्काम केला, त्याकडे येऊ: हवेतून पाणी. यातलं रसायन खरं आहे. काही मॉफ कोरड्या हवेतूनही रात्री पाण्याचे रेणू पकडतात, दिवसा उन्हाने तापले की सोडतात, ती वाफ थंड केली की पाणी. प्रश्न फक्त ‘किती’ हा आहे. आणि ‘किती’चा इतिहास सार्वजनिक आहे, शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यात कोणालाही वाचता येतो.

२०१७: एमआयटीतल्या एव्हलिन वांग आणि बर्कलीचे याघी यांच्या गटांनी ‘सायन्स’मध्ये मॉफ-८०१ वापरलेलं उपकरण मांडलं. आकडा दिला: किलोमागे दिवसाला २.८ लिटर, तेही हवेत फक्त २० टक्के आर्द्रता असताना, उन्हाखेरीज दुसरी ऊर्जा न देता. बातम्यांत गेला तो हाच आकडा. मात्र तो एक किलो मॉफ ठेवून, बादलीत पाणी धरून मोजलेला नव्हता. मोजक्या ग्रॅमांच्या नमुन्यावरून किलोचा हिशोब काढलेला होता.

२०१८: बर्कलीच्या गटाने ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये पुढचा टप्पा छापला. या वेळी १.२ किलोपर्यंत मॉफ-८०१ आणि खरंखुरं अ‍ॅरिझोनाचं वाळवंट. उत्पन्न: एका दिवस-रात्रीच्या चक्रात किलोमागे १०० ग्रॅम. म्हणजे ०.१ लिटर. मॉफ-३०३ नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा नवा पदार्थ याच्या दुपटीहून जास्त देतो असंही त्यात म्हटलं होतं.

२०१९: मॉफ-३०३ घेऊन, दिवसातून अनेक चक्रं करणारं उपकरण. किलोमागे दिवसाला घरात १.३ लिटर आणि मोहावी वाळवंटात ०.७ लिटर. पण आता पंखा आणि हीटर आले, म्हणजे वीज आली, म्हणजे सौर पॅनेल आलं.

२.८, मग ०.१, मग ०.७. हे आकडे शेजारी ठेवून मी कोणाला खोटं ठरवत नाही. तिन्ही वेगळ्या परिस्थितीतले आहेत आणि तिन्ही शोधनिबंधांत ती परिस्थिती लिहिलेली आहे. उलट २०१८ चा तो छोटा आकडा छापणं मला या सगळ्यातलं सर्वांत चांगलं विज्ञान वाटतं. प्रयोगशाळेतून वाळवंटात गेल्यावर काय उरतं ते त्यांनी सरळ सांगितलं. माझा आक्षेप एवढाच की पहिला आकडा जगभर फिरला आणि दुसरा फक्त आमच्यासारख्यांनी वाचला.

आता हा हिशोब आपल्याकडे नेऊन बघा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तेवढं पाणी एका दिवसात हवेतून काढायचं झालं तर?

२.८ लिटरच्या आकड्याने सुमारे १८० टन मॉफ लागेल. ०.७ च्या आकड्याने सुमारे ७१५ टन. ०.१ च्या आकड्याने ५,००० टन. आणि हे शहराच्या एका दिवसाच्या गरजेचंही पाणी नव्हे, एका गाडीचं.

आता दुसरी बाजूही बघा, नाहीतर मीही एकच बाजू दाखवल्यासारखं होईल. एका माणसाला पिण्यापुरतं दिवसाला तीन लिटर धरलं, तर ०.७ च्या आकड्याने साडेचार किलोपेक्षा कमी मॉफ पुरतो. दूरच्या वस्तीवरची एखादी शाळा, आरोग्य केंद्र, जिथे पाणी आहे पण फ्लोराइडमुळे पिता येत नाही अशी जागा, तिथे हे उपकरण खरंच कामाचं ठरू शकतं. जल जीवन मिशनचं मानक माणशी ५५ लिटरचं आहे, त्याला मात्र माणशी जवळपास ८० किलो लागतील. आणि शेताचा तर विचारच नको. तर ‘मॉफमुळे दुष्काळ संपेल’ हे चूक, ‘मॉफ म्हणजे फुगवलेला फुगा’ हेही चूक. बरोबर उत्तर आहे ‘पिण्यापुरतं, काही ठिकाणी, किंमत उतरली तर’. हे उत्तर शोधायला पीएचडी लागत नाही. भागाकार लागतो.

याच ठिकाणी किंमत मोजली जाते. इथे लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत बसून आपण लिंक पाठवतो, तेव्हा ती कुठे वाचली जाते याचा विचार करा. ज्या घरात मार्चपासून टँकरची वाट बघतात, तिथे ‘शास्त्रज्ञांनी हवेतून पाणी काढलं’ ही बातमी आपल्यासारखी करमणूक म्हणून वाचली जात नाही. ती दोन-तीनदा आली आणि नळ कोरडाच राहिला, की पुढच्या वेळी शास्त्रज्ञांचं खरं बोलणंही कोणी ऐकत नाही. आणि पाणलोटाची, उसाच्या पाण्याची कंटाळवाणी चर्चा ‘तंत्रज्ञान येतंच आहे’ म्हणून पुढे ढकलायला आणखी एक सबब मिळते.

दोष पत्रकारांचाच का?

आम्हा संशोधकांची जेवणाच्या टेबलावरची आवडती तक्रार म्हणजे पत्रकार वाट लावतात. हे तितकंसं खरं नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. विषय आरोग्याचे होते, रसायनाचे नव्हते, पण निष्कर्ष आपल्यालाही टोचावा असा. ४० टक्के पत्रकांमध्ये शोधनिबंधात नसलेला फुगवलेला सल्ला होता. अतिशयोक्ती बऱ्याचदा बातमीच्या आधीच, विद्यापीठाच्या पत्रकातच शिरलेली होती. आणि ही पत्रकं शास्त्रज्ञाच्या नजरेखालून गेलेली असतात. आणखी एक गोष्ट: फुगवल्यामुळे बातमी जास्त ठिकाणी छापून आली, असा ठोस पुरावाही त्यांना मिळाला नाही. म्हणजे खोटं बोलून फायदाही नाही!

मग का फुगवतो? एक कारण पैशांचं. ब्रिटनमध्ये २०१४ पासून विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनात ‘इम्पॅक्ट’ला, म्हणजे समाजावर काय परिणाम झाला याला, गुण असतात. आधी २० टक्के होते, २०२१ ला २५ झाले. हेतू वाईट नाही. पण त्यामुळे प्रत्येक रेणूला जन्मतःच एखादी जागतिक समस्या सोडवायला जुंपावं लागतं. ‘हा पदार्थ कसा बांधला जातो हे आम्हाला कळलं’ एवढ्यावर आज अर्ज मंजूर होणं कठीण. आणि रॉबसन यांनी नेमकं तेवढंच केलं होतं.

दुसरं कारण, लोकांना रसायनशास्त्र आवडत नाही, म्हणून गोळीवर साखर लावावीच लागते, ही आमची समजूत. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वेक्षण केलं तेव्हा उलटंच निघालं. रसायनशास्त्रज्ञांना वाटत होतं लोक आपल्याला घाबरतात. लोक तसे घाबरत नव्हते. त्यांना आमच्याबद्दल फारसं काही वाटतच नव्हतं, आणि ‘केमिस्ट’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर औषधांचं दुकान यायचं. आपल्याकडेही तेच नाही का? ‘मी केमिस्ट आहे’ असं गावाकडे सांगून बघा, क्रोसिनची चौकशी होईल.

मराठीत सांगायचं तर

तुमच्यापैकी अनेक जण इथे वाढलेले आहात, मराठी घरात बोलता आणि विज्ञान इंग्रजीत शिकलात. तुम्हाला वाटत असेल की हे मराठीत सांगताच येणार नाही. मला उलट वाटतं. मराठीत सांगायला बसलं की पर्स आपोआप गळून पडते, कारण ती उसनी आहे. आणि स्वयंपाकघरातलेच शब्द पुढे येतात. अनारसा जमला की आजी काय म्हणते? ‘छान जाळी पडली.’ आंबोळीला, घावनाला, ढोकळ्याला हाच शब्द. जाळी पडणे यात पोकळी आली, ती एकसारखी असणं आलं, आणि ती मुद्दाम पाडावी लागते, पीठ आणि ताप नीट जमला तरच पडते, हेही आलं. मॉफला ‘धातू आणि कार्बनी रेणूंची जाळी’ म्हटलं की निम्मं काम झालं. पुढचा प्रश्नही आजीच विचारेल: ‘पण तूप किती पितो तुझा अनारसा?’ बघा, आपण थेट साठवणक्षमतेवर आलो.

भाषा शुद्ध राखायचा अट्टहास मी करत नाही. ऑक्सिजन म्हणा, प्राणवायू म्हणा. मुद्दा असा की ज्या भाषेत माणूस भाव करतो, त्या भाषेत त्याला फसवणं अवघड असतं. इंग्रजी बातमी वाचून ‘अमेझिंग’ म्हणणारे आपण मराठीत आलो की लगेच विचारतो, ‘बरं, पण केवढ्याला?’ विज्ञानाच्या बातमीला विचारायला यापेक्षा चांगला प्रश्न मला माहीत नाही.

तेव्हा पुढची रसायनशास्त्राची बातमी आली, की पाठवण्याआधी तिला चार गोष्टी विचारा. किती मोजलं आणि किती गुणलं? ग्रॅमवर मोजून किलोचं सांगितलं असेल तर ते बातमीत लिहिलं आहे का? कुठे मोजलं, प्रयोगशाळेत की उन्हात? पकडलेलं परत सोडवायला काय लागतं, आणि ते किती वेळा करता येतं? आणि शेवटी, दिलेली उपमा कुठे तुटते? बातमीत याची उत्तरं नसतील तर शोधनिबंधाचा गोषवारा उघडा, तो बहुतेक वेळा फुकट असतो आणि दोनशे शब्दांचा असतो. तिथेही नसतील तर शास्त्रज्ञाला ईमेल करा. खरंच करा. आमच्यातले बरेच जण उत्तर देतात, कारण आम्हाला असे प्रश्न फार कमी येतात.

आणि तुमच्यात कोणी पत्रकार असेल, तर एक विनंती. पुढच्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमहून जी काही नवी उपमा येईल ती वापरा, माझी ना नाही. फक्त तिच्याखाली एक वाक्य जास्त घाला: ‘पण एका बाबतीत हे तसं नाही.’ त्या वाक्यानंतर जे लिहावं लागेल, ते लिहिण्यासाठी तुम्हाला रसायन समजून घ्यावं लागेल, आणि ते वाचताना वाचकालाही.